ब्रेटफर्टनचा ‘फ्लीस इन’ : सहाशे वर्षांचं घर, पावणेदोनशे वर्षांचा पब

माजघर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. इंग्लंडमधल्या जुन्या पबांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा बिअरबद्दल. मला लिहायचंय ते भिंती, तुळया आणि छपराबद्दल. मी बांधकाम क्षेत्रात काम करते, बर्मिंगहॅमजवळ राहते आणि सुट्टी मिळाली की आसपासच्या खेड्यांतली जुनी घरं बघत हिंडते.

वूस्टरशायरमध्ये इव्हशमच्या खोऱ्यात ब्रेटफर्टन नावाचं गाव आहे. तिथला ‘फ्लीस इन’ मी आतापर्यंत चार वेळा पाहिला. फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरून उतरवलेली अख्खी लोकर. ही इमारत बांधली गेली तेव्हा पब नव्हती. साधारण १४०० च्या सुमारास बर्ड आडनावाच्या शेतकऱ्यानं बांधलेलं हे राहतं घर, त्यातही ‘लाँगहाऊस’. म्हणजे एकाच लांबट छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. पुढे त्यात पुष्कळ फेरफार झाले, आणि १८४८ मध्ये त्याच घराण्यातल्या माणसानं तिथे पब सुरू केला. शेवटची मालकीण लोला टॅप्लिन. १९७७ मध्ये त्या वारल्या आणि जाताना त्यांनी वास्तू नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) देऊन टाकली. म्हणजे मूळ बांधणाऱ्याच्या वंशाकडेच ती तोवर राहिली. पबात बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत असं बाईंनी बजावून ठेवलं होतं, असं गावात सांगतात.

दारातून वाकूनच आत जावं लागतं. खाली दगडी फरशी. खोल्या लहान, छत बुटकं, आणि डोक्यावर हात पुरेल अशा तुळया. एका खोलीचं नाव ब्रूहाऊस, दुसरीचं डगआउट, तिसरीचं प्यूटर रूम. तिसरीत फडताळावर कथिलाच्या मिश्रधातूची जुनी ताटं ओळीनं मांडून ठेवली आहेत. शेकोटीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली दिसतात. धुराड्यातून चेटकीण खाली उतरू नये म्हणून ही वर्तुळं काढत, आणि ती आजही पुसू देत नाहीत. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथेच उकिडवी बसले. आमच्याकडे उंबऱ्यावर रांगोळी काढतात, इथे धुराड्याखाली. घरात शिरायची वाट जिथे, तिथे खूण.

आता सांगाड्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. अशा घरात भिंतीवर भार नसतो. भार पेलतो तो ओकच्या लाकडाचा सांगाडा: खांब, आडव्या तुळया, तिरके टेकू. ओक ओला असतानाच तासायचे, कारण वाळला की तो लोखंडासारखा कडक होतो आणि हत्यार चालत नाही. सुतार आपल्या आवारात जमिनीवर एकेक चौकट जुळवून बघायचा, प्रत्येक जोडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायचा, मग सगळं सुटं करून गाडीवर घालून जागेवर न्यायचा आणि खुणा जुळवत उभं करायचा. नीट शोधलं तर अनेक जुन्या पबांत या खुणा अजून दिसतात. पुढे लाकूड भिंतीतच वाळत गेलं, आक्रसलं, पिळलं. ज्याला आपण ‘किती वाकडंतिकडं, किती सुंदर’ म्हणतो ते बरंचसं या वाळण्यामुळे आहे.

सांगाड्याच्या मधले चौकोन कशानं भरत? वरच्या तुळईच्या पोटात ओळीनं भोकं पाडायची, खालच्या तुळईला खोबण. ओकच्या फळ्यांच्या दांड्या वर भोकात घालायच्या आणि खाली खोबणीत सरकवून ताठ बसवायच्या. त्यांच्यात हेझल नावाच्या झुडपाच्या कोवळ्या काटक्या टोपलीसारख्या विणायच्या. मग दोन्ही बाजूंनी चिकणमाती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा लगदा थापायचा, आणि वरून चुना. बऱ्याच जुन्या पबांत असा एक चौकोन उघडा ठेवून त्यावर काच बसवलेली असते.

ओळखलंत ना? कूड! माझं आजोळ हिरडस मावळातलं. तिथे कारवीच्या काठ्यांचे कूड विणून त्यावर शेणमाती लिंपत. गोठा आणि माजघर यांच्या मध्ये असाच एक कूड होता. रात्री म्हशीचा उसासा पलीकडून ऐकू यायचा. ब्रेटफर्टनला शेकोटीशेजारी बसले असताना ही लाँगहाऊसची गोष्ट वाचली आणि मला एकदम तो आवाज आठवला. तेव्हापासून ही इमारत मला परकी वाटत नाही.

फोटो खाली देते आहे. कुणी अशा जागा पाहिल्या असतील तर जरूर लिहा.

सह्यकडा

वा! कुडाचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वेल्ह्याला अजून दोन घरं आहेत अशी.

एक शंका. मी यॉर्कशायरमध्ये एका पबात गेलो होतो, तिथल्या माणसानं मोठ्या अभिमानानं सांगितलं की या तुळया जुन्या मोडीत काढलेल्या जहाजांच्या आहेत. तुळयांत रिकामी भोकं आणि खाचाही होत्या. हे खरं असतं का?

माजघर

@सह्यकडा, ही गोष्ट इंग्लंडमधल्या निम्म्या पबांत ऐकायला मिळते! समुद्रापासून शंभर किलोमीटर आत असलेल्या खेड्यातसुद्धा. बहुतेक ठिकाणी ती खरी नसते. जहाजाचं लाकूड त्याच्या पोटाच्या गोलाईप्रमाणे वळलेलं असतं, घराला ते फारसं सोयीचं नाही, आणि आतल्या खेड्यापर्यंत ओढून आणायचा खर्च जंगलातून ताजं झाड तोडण्यापेक्षा कितीतरी जास्त.

रिकाम्या खाचांचा अर्थ मात्र साधा आणि छान आहे. एक तर तिथे पूर्वी भिंत किंवा टेकू होता आणि नंतर काढून टाकला. किंवा तुळई आधीच्या कुठल्या तरी घरातून काढून पुन्हा वापरली. लाकूड महाग होतं, कुणी फेकत नसे. खालच्या बाजूला भोकांची ओळ दिसली तर समजायचं की त्या तुळईखाली कधीतरी कूड होता, आणि आज जी एक मोठी खोली दिसते त्या तेव्हा दोन होत्या. मी पबात बसले की आधी वरच बघते.

रंधा_पटाशी

ताई, मी कुडाळ तालुक्यातला. आमच्या घरात चार पिढ्या सुतारकाम. फोटो मोठा करून पाहिला. तुळईच्या जोडावर ज्या गोल टिकल्या दिसतात त्या लाकडी खुंट्या ना? लोखंडी खिळा कुठेच दिसत नाही.

आमचे आजोबा कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि भोक यांचा जोड करताना खुंटीचं भोक दोन्हीकडे सरळ एका रेषेत पाडत नसत. कुसवातलं भोक जराशा सुताएवढं आत घेत. मग खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते आणि जोड आवळतो. वासे बदलले तरी तो जोड हलत नाही. इंग्लंडात असं करत का?

माजघर

@रंधा_पटाशी दादा, अगदी हेच! इथल्या सुतारांनीही भोकं अशीच मुद्दाम थोडी सरकवून पाडली आहेत. ओला ओक वाळताना जोड सैल पडू नये म्हणून ते फार महत्त्वाचं होतं. खुंटी मात्र चिरून, आधी वाळवून घेतलेल्या ओकची. ओल्या लाकडात वाळलेली खुंटी. लोखंडी खिळा टाळायचं आणखी एक कारण, ओकमधल्या आम्लानं लोखंड गंजतं आणि लाकूड काळं पडतं. तुमच्या आजोबांची पद्धत अजून सविस्तर लिहा ना, वेगळा धागा काढलात तरी चालेल.

लंडनकर

उत्तम धागा. थोडी भर घालतो.

आज पब म्हटलं की डोळ्यांसमोर लांबलचक काउंटर आणि त्यामागे चकचकीत नळ येतात. खेड्यातल्या जुन्या पबात हे काही नव्हतं. पिंपं तळघरात किंवा मागच्या खोलीत, आणि पोऱ्या किंवा घरधनीण जगमध्ये भरून बिअर आणून देणार. गिऱ्हाईक अक्षरशः त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं. काउंटर आला तो एकोणिसाव्या शतकात. तळघरातून बिअर वर ओढायच्या हातपंपाचं पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये घेतलं, त्यानंतर हळूहळू एका जागी उभं राहून वाढायची पद्धत रुळली. १८३० चा बिअरहाऊस कायदा तर फारच महत्त्वाचा. करदात्या माणसानं दोन गिनी भरल्या की घरातच बिअर विकायचा परवाना मिळू लागला. खेडोपाडी शेकडो राहती घरं पब झाली ती त्या काळात. म्हणून इतके पब दिसायला घरासारखे दिसतात. ते घरंच होते.

बिनकाउंटरचा पब बघायचा असेल तर हेरफर्डशायरमधल्या लाइंटवर्डाइन गावचा ‘सन इन’. विटांची लाल जमीन, भिंतीला टेकलेले उंच पाठीचे लाकडी बाक, आणि पूर्वी मागच्या स्वयंपाकघरातून येणारी बिअर. फ्लॉसी लेन नावाच्या आजी तो चालवत. २००९ मध्ये ९४ व्या वर्षी त्या गेल्या, पण गावाकडच्या माणसांनी तो वाचवला.

आणि याच्या अगदी उलट टोक बघायचं तर सॉमरसेटमध्ये नॉर्टन सेंट फिलिपचा ‘जॉर्ज इन’. ते शेतकऱ्याचं घर नाही. जवळच्या हिंटनच्या कार्थुझियन (एक ख्रिस्ती संन्यासी पंथ) मठानं चौदाव्या शतकात बांधलेली ती धर्मशाळा आणि वखार. गावात लोकरीची आणि कापडाची जत्रा भरायची, त्या व्यापाऱ्यांना उतरायला आणि माल ठेवायला जागा हवी होती. तळमजला दगडी, मधोमध गाडी आत जाईल एवढी कमान, आत चौक, आणि वरचे मजले लाकडी सांगाड्याचे. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे झुकलेला. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पीप्स जून १६६८ मध्ये बाथ शहराकडे जाताना तिथे जेवला आणि दहा शिलिंग खर्च झाल्याचं त्यानं रोजनिशीत टिपून ठेवलंय. १६८५ च्या जूनमध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मन्मथचा मुक्काम तिथेच होता.

रेवा७

माझे सासू-सासरे पुढच्या मे महिन्यात येणार आहेत. सासऱ्यांना जुन्या वास्तूंची खूप आवड, पण पबात जायचं म्हटलं की दोघंही नाही म्हणतील. लहान मुलगीही असेल. तिथे नुसतं बघायला जाता येतं का?

माजघर

@रेवा७, नक्की ने. हा पब आहे तसाच गावाचा ओटाही आहे. लोक पोरंबाळं, कुत्री, आज्या घेऊन येतात. चहा मागवून बसलं तरी कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. मागे फळझाडांची बाग आहे, मुलीला तिथे मोकळं सोडता येईल. फक्त दाराची उंची आणि आतल्या पायऱ्या सांभाळायला सांग त्यांना, फरशी उंचसखल आहे.

मे महिना तर उत्तम. इव्हशमचं खोरं अ‍ॅस्परॅगससाठी (शतावरीच्या जातीची कोंबांची भाजी) प्रसिद्ध आहे, हंगाम २३ एप्रिलपासून जूनच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेपर्यंत. गावकरी त्याला नुसतं ‘ग्रास’ म्हणतात. मेमध्ये या पबात त्याच्या जुड्यांचा लिलाव होतो. सासऱ्यांना शेतीची आवड असेल तर ते तिथून हलणार नाहीत.

धोपटमार्ग

लेख चांगला आहे, पण एक मनापासून विचारतो. शेवटी ही दारू विकायची जागा. आमच्या गावात दारूनं तीन घरं बसली, मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा जागेचं एवढं कौतुक वाचताना मला अवघड जातं.

माजघर

@धोपटमार्ग, तुम्ही स्पष्ट लिहिलंत हे बरं केलंत. तुम्ही पाहिलंय ते मीही पाहिलंय, माझ्या जवळच्या नात्यात. मला दारूचं कौतुक करायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की इंग्लंडच्या खेड्यात साध्या शेतकऱ्याचं मध्ययुगीन घर आतून बघायला मिळणं फार कठीण आहे. राजवाडे आणि चर्च जपली गेली. शेतकऱ्याची घरं पडली, किंवा कुणीतरी विकत घेऊन आतून पूर्ण बदलली, आणि आता त्यांच्या दाराला कुलूप असतं. फ्लीस उरला तो पब झाल्यामुळे. रोज शंभर माणसं येत राहिली, रोज शेकोटी पेटत राहिली, म्हणून कुणाला तो पाडावासा वाटला नाही, आणि आजही कुणीही आत जाऊन तुळईला हात लावू शकतं. मी त्या तुळईसाठी जाते.

धोपटमार्ग

हे पटलं. शेतकऱ्याचं घर म्हणून बघायला मला आवडेल.

चुनखडी

पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून या धाग्यावर लिहायचं राहवत नाही.

माजघरने सांगाड्याबद्दल छान लिहिलंय. आपल्या वाड्यांचंही तेच: दगडी जोतं, त्यावर सागवानी सांगाडा, मध्ये पांढरीची माती किंवा विटा, आणि वर चुना. अशी भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि लाकडाची टोकं कुजायला लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून तुळईचं टोक भुसभुशीत. मागच्या वर्षी एका वाड्यात गिलावा खरवडला तेव्हा खांबाचा पाय हाताने उचकटून निघाला. मालक बिचारे गप्प उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी खर्च करून त्यांनीच तो गिलावा मारून घेतला होता, चांगल्या हेतूनं.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात बरोब्बर हीच चूक झाली ना? आणि तो काळा-पांढरा रंग मूळचा असतो का?

माजघर

@चुनखडी, हो, हुबेहूब तीच चूक. कुडाचा लगदा काढून सिमेंट भरलं, आणि ओक कुजला. आता जाणती माणसं परत चुन्याकडे आणि शेणमातीकडे वळली आहेत. दुरुस्ती करतानाही अख्खी तुळई बदलत नाहीत. कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवीन ओक सांधतात, आणि तो मुद्दाम वेगळा ओळखू येऊ देतात.

काळ्या-पांढऱ्या रंगाबद्दल तू अचूक विचारलंस. पर्यटकांना वाटतं हाच मध्ययुगीन रंग. पण बहुतेक ठिकाणी डांबर किंवा काळा रंग लावायची टूम एकोणिसाव्या शतकातली. उघडा ठेवलेला ओक कालांतरानं चंदेरी राखाडी होतो, आणि बऱ्याच घरांवर लाकूड आणि भिंत सगळ्यावरून एकच चुन्याचा हात फिरवत. चुन्यात पिवळी माती किंवा गेरू मिसळलेली घरंही होती. मला स्वतःला तो राखाडी ओक जास्त आवडतो. काळा रंग लाकडाच्या रेषा झाकून टाकतो.

सह्यकडा

गेरू! म्हणजे आमच्या घरच्या ओटीसारखं.

फ्लीसला मध्ये कधीतरी आग लागली होती असं वाचल्यासारखं वाटतं.

माजघर

हो, २००४ मध्ये. छप्पर गवताचं, ते पेटलं, आणि वरच्या भागाचं फार नुकसान झालं. प्यूटरची ताटं आणि सामानसुमान मात्र बाहेर काढता आलं, आणि त्यानंतर सगळं पुन्हा शाकारून, दुरुस्त करून पब परत उघडला. सहाशे वर्षं उघड्या आगीसोबत राहिलेलं घर. सुरुवातीला तर अशा घरांना धुराडंच नसे. मधल्या दालनात जमिनीवर जाळ आणि धूर छपरातून बाहेर. धुराडी आणि वरचे मजले पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात घातले गेले. म्हणून अशा घरांच्या माळ्यावर चढलं की कधीकधी काजळी धरलेले वासे सापडतात. मला एका जुन्या घरात ते बोट लावून बघता आले. बोट काळं झालं ते पाचशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकाच्या धुरानं.

लंडनकर

आगीचा विषय निघालाच आहे तर लिहितो, जरी लिहिताना वाईट वाटतं.

स्टॅफर्डशायरमध्ये हिमलीजवळ ‘क्रुकेड हाऊस’ नावाचा पब होता. १७६५ चं शेतघर, पुढे पब झालेलं. खालच्या कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली आणि एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. आत टेबलावर गोटी ठेवली की ती चढावर जाताना दिसायची! लहानपणी ते बघितलेली माणसं अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ५ ऑगस्ट २०२३ ला त्याला आग लागली आणि दोन दिवसांत उरलेलं सगळं पाडून टाकलं. ती वास्तू संरक्षित यादीत नव्हती. लोक इतके चिडले की ढिगाऱ्यापाशी जाऊन विटा राखत बसले. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या कौन्सिलनं पुन्हा बांधायचा आदेश काढला.

असा आदेश नुसता कागदावर राहतो असं नाही. लंडनमध्ये मेडा व्हेलचा ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये बेकायदा पाडला होता. तो होता तसा परत बांधायला लावला, आणि २०२१ मध्ये तो उघडला. मी उघडल्यावर गेलो होतो. काम मनापासून केलंय.

चुनखडी

कार्लटनच्या वेळी पाडण्याआधीच आतल्या टाइल्सचे साचे आणि नोंदी घेऊन ठेवल्या होत्या, म्हणून ते शक्य झालं. आपल्याकडे निदान मोजमाप करून नकाशे काढून ठेवले तरी खूप होईल. मी दर शनिवारी दोन विद्यार्थ्यांना घेऊन एक वाडा मोजते. सह्यकडा, वेल्ह्याची ती दोन घरं आम्हाला दाखवाल का? कूड उभा असताना मोजायचा आहे.

सह्यकडा

नक्की. पाऊस सुरू व्हायच्या आधी या. एका घरात काकू एकट्याच राहतात, त्यांना विचारून ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रंधा_पटाशी

ताई, अजून एक विचारायचं राहिलं. त्या रोमन आकड्यांच्या खुणा आणि खुंट्यांची डोकी एकाच बाजूला आहेत का? आमच्याकडे चौकट जमिनीवर आडवी ठेवून जुळवत तेव्हा जी बाजू वर, तीच नीट तासलेली, तीवरच खूण आणि तीवरूनच खुंटी ठोकायची. भिंत उभी केल्यावर ती बाजू रस्त्याकडे. मागच्या बाजूला लाकडाची साल राहिली तरी चालायची. तिथे दोन्हीकडून बघता आलं तर कळेल सुतार कुठे उभा राहून काम करत होता ते.

माजघर

दादा, नीट तासलेली बाजू, तिच्यावर खुणा, तिकडूनच खुंट्या, हे इथेही असंच असतं. पण फ्लीसमध्ये मी ते कधी मुद्दाम ताडून बघितलं नाही. मेमध्ये रेवाच्या घरच्यांबरोबर मीही जाते आहे. ब्रूहाऊसच्या भिंतीपासून सुरुवात करते, आतून आणि बाहेरून दोन्ही फोटो काढते. खुंटीची जाडीही मोजून आणते.

रेवा७

सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, टेप मी घेऊन येतो.